साळूच्या पेवावरचा करंज

निमटाकळीच्या माळावर धान्य साठवायला जमिनीत खणलेली जुनी पेवे आहेत. आता त्यांत कोणी जोंधळा भरत नाही. बहुतेकांची तोंडे ढासळली आहेत आणि त्यांवर तरवड आणि रुई माजली आहे. पण माळाच्या मधोमध एका पेवाच्या तोंडातूनच एक करंज वर आला आहे. त्याचा बुंधा त्या दगडी तोंडात इतका घट्ट बसला आहे, की कोणी मुद्दाम बूच मारल्यासारखे वाटते. लांबून पाहिले तर हा करंज इतर करंजांसारखाच दिसतो. जवळ जाऊन पान बोटांत धरले की फरक कळतो. प्रत्येक पानावर बारीक बारीक उंचवटे आहेत, अगदी चामखिळीसारखे. कोवळ्या पानावर ते पोपटी असतात, जून पानावर तपकिरी. डोळे मिटून चाचपले तर हातात पान आहे असे वाटतच नाही. खाली ओढ्याच्या काठाला करंजांची रांगच आहे, पण त्यांची पाने तुळतुळीत.

बाहेरगावची माणसे आली की चंद्राआत्या त्यांना माळावर घेऊन येतात. गावात त्यांच्याइतके वय आता कोणाचे नाही. मागे तालुक्याहून एक मास्तर आले होते. त्यांनी पान उलटे-पालटे करून सांगितले, की डोळ्यांना न दिसणारी कीड पानात घर करते, तिच्यामुळे असे फोड येतात. आत्यांनी मान हलवली. "आसंल की. पन वड्याच्या करंजावर जायला तिला कुनी आडवलंय व्हय?" एवढे बोलून त्यांनी मास्तरांनाही सावलीत बसवले, आणि सगळ्यांना सांगतात तेच त्यांनाही सांगितले.

ते असे.

फार जुनी गोष्ट आहे, म्हणे. तेव्हा सगळ्या गावाचा जोंधळा या माळाच्या पोटात असे. पेवाचे तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढेच. त्याखाली अरुंद गळा, आणि गळ्याखाली रांजणासारखे फुगलेले पोट. एका बाजूची भिंत मात्र सरळ ठेवत, आणि चढण्या-उतरण्यासाठी तिच्यात पाय रोवायच्या खाचा कोरत. सुगी आली की रिकामे पेव आतून शेणामातीने सारवायचे, वाळू द्यायचे, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची आणि मग धान्य ओतायचे.

सारवण्याचे काम कोंडाबाई नावाची एक विधवा करी. तिला एकच मुलगी होती, साळू. साळूचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिंध्यांनी बांधलेले असत. लहानपणी चुलीत पडून पोळले, असे कोंडाबाईने गावाला सांगितले होते. गावाने ते मानले होते.

खरे तसे नव्हते. साळूच्या हातांवर चामखिळी होत्या. आधी अंगठ्याजवळ एक आली, मग बोटांवर आल्या, मग तळव्यांवर. घोड्याच्या शेपटीचा केस बांधून पाहिला, चुना लावला, करंजाचे तेल चोळले. एक गळून पडली की तिच्या शेजारी दोन येत. कोंडाबाई घाबरली. जोंधळ्यात या मुलीचा हात गेला तर कणसालाही असेच फुटेल, असे कोणी म्हणाले तर? पेवांचे काम जाईल. पुढे मुलीला कोण करून घेईल? म्हणून तिने एके सकाळी दार लावून साळूचे हात बांधले. चिंध्यांच्या आत एकेक करंजाची बी ठेवली, कारण त्याने गुण येतो असे तिला कोणीतरी सांगितले होते. "पोळल्यालं हैत म्हनायचं," ती म्हणाली. "कुनी इचारलं तर खाली बघायचं. बोलायचं न्हाई."

साळूला हे जमले, कारण बोलणे तिला तसेही जड जाई. पाणवठ्यावर बायका हसत तेव्हा ती घागरीकडे बघे. कोणी लाडाने हात धरायला गेले की ती हात पाठीमागे घेई. सगळ्या गावात तिच्या हाताला हात लावलेला माणूस एकच होता, तिची आई.

मात्र पेवात उतरले की निराळे होते. आत अंधूक उजेड, वरून कोणी बघणारे नाही. आईबरोबर साळूही उतरे आणि चिंध्या सोडून टाके. ओली माती तळव्याखाली गार लागे. हात मोकळे, बोटे मोकळी. साळू इतके सुरेख सारवी की भिंतीवरून हात फिरवत राहावे. गावात कोंडाबाईच्या हाताची तारीफ होई आणि साळू खाली मान घालून ती ऐके.

त्या वर्षी पाटलांचे मोठे पेव सारवायला घेतले होते. हेच, ज्यावर करंज आहे ते. गोल पोट सारवून झाले होते, खाचांची सरळ भिंत तेवढी उरली होती. तेवढ्यात कोंडाबाईच्या बहिणीच्या गावाहून सांगावा आला, की बहीण अडली आहे, असशील तशी ये. कोंडाबाईने पायात वहाणा घातल्या आणि उंबऱ्यातून साळूला म्हणाली, "पाटलाच्या वाड्यावर जा आन् सांग, भित ऱ्हायलीया, मी आल्याबिगर धुरी दिऊ नगा. येवढंच सांगायचं. सांगशील न्हवं?"

"सांगीन."

साळू गेली, म्हणे. पाटलांच्या ओसरीवर चार-सहा माणसे पान खात बसली होती. तिला पाहून एक जण म्हणाला, "काय गं, हातबांधी? कुनाकडं आलीस?" तो काही वाईट मनाने बोलला नव्हता. पण सगळ्यांच्या माना तिच्या हातांकडे वळल्या. साळूने तोंड उघडले, आणि मिटले. मग ती तशीच मागे फिरली. वाटेत तिला सुचले, की राहिलेली भिंत आपणच सारवून टाकली तर काही सांगायलाच नको.

भर दुपारी माळावर चिटपाखरू नव्हते. साळू शेणामातीची पाटी घेऊन पेवात उतरली. चिंध्या सोडल्या, त्यांतल्या बिया खाली पडल्या. चिंध्यांचाच तिने सारवायला बोळा केला. आत एक मोठा बेडूक बसला होता, पाठभर फोडांचा. "तुजी पाठ पन माज्या हातावानीच की रं," ती त्याला म्हणाली. गावात कोणाशी बोलली नसेल इतके ती त्या दिवशी त्या बेडकाशी बोलली, असे सांगतात. बोलता बोलता हाताला लागेल तिथवर भिंत सारवून झाली. खालच्या खाचाही मातीने भरल्या. त्या कोरून मोकळ्या करणे हे आईचे काम होते, ते साळूच्या ध्यानातच आले नाही.

तेवढ्यात वर माणसांचा आवाज आला.

पाटलांचे गडी होते. पेव वाळले असेल असे समजून ते धुरी द्यायला आले होते. साळूने हाक मारायला हवी होती. पण आधी तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले. ते उघडे होते. चिंध्या चिखलात भिजून लगदा झालेल्या. आता वर गेले तर सगळे बघतील. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. जातील थोड्या वेळाने, मग चढू, असे तिने मनाशी म्हटले.

एवढ्यासाठी ती अडकली, म्हणे. एक हाक मारण्याच्या उशिरासाठी.

वरून दोरीने एक मडके खाली आले. त्यात विस्तव होता आणि कडुलिंबाचा ओला पाला. मडके तळाला टेकताच तोंडावर टोपले आणि ओले पोते पडले आणि उजेड गेला. आता साळू ओरडली. पण वर गडी मोठमोठ्याने थट्टामस्करी करत होते, आणि पोत्यातून आवाज जाईना. दुसरी हाक मारायला तिने श्वास घेतला आणि धूर आत गेला. घशात कोणी निखारा ठेवल्यासारखे झाले. तिने चाचपडत पाटीतली उरलेली माती मडक्यावर ओतली, वर बोळा दाबला. विस्तव विझला. पण तोवर तिचा आवाज गेला होता. ओठ हलत होते, बाहेर नुसता वारा येत होता.

बऱ्याच वेळाने पोते निघाले. साळूने नखांनी ओली माती उकरून खाचा शोधल्या. पाय घसरे, ती पुन्हा रोवी. अशी ती गळ्यापर्यंत चढली. वर आभाळाचा गोल तुकडा दिसत होता. मग तो झाकला गेला, कारण हैबती नावाचा गडी मडक्याची दोरी धरायला पालथा पडला होता आणि त्याने दंडापर्यंत हात आत घातला होता.

साळूने तो हात दोन्ही हातांनी धरला.

"आयो!" हैबतीने असा हिसका दिला की साळू भिंतीवरून सुटून खाली पडली. तो उठून दहा पावले पळाला.

"काय रं, इच्चू चावला का?"

"हात धरला! कुनीतरी माजा हात धरला!"

"मेव्हनी आसंल तुजी," एक जण हसला. "जा की, वाट बघतीया."

"चेष्टा न्हाई, बापू. खरबरीत हाय. समदे फोडच फोड, बेडकाच्या पाठीवानी. आन् बोटं हैत त्याला."

हसणारे पेवापासून मागे सरले. कोणीतरी पाटलांना आणि गुरवाला बोलावून आणले. गुरव म्हातारा होता आणि त्याला सगळे ठाऊक असे. प्रत्येक पेवाला एक राखणदार असतो, त्याला राखण्या म्हणत. तो बेडकाच्या रूपात तळाशी बसतो आणि धान्य राखतो, असा या लोकांचा विश्वास. तो सहसा दिसत नाही. पण ज्या वर्षी तो आपणहून हात लावील, त्या वर्षी पेवाची पूजा करायची, तोंड बंद करायचे आणि अमावास्या होईपर्यंत आत डोकावायचे नाही. डोकावले तर डोळे जातात.

"भाग्याचं हैसा पाटील," गुरव म्हणाला. "राखण्या जागा झालाया."

"पर गुरवकाका," हैबती हळूच म्हणाला, "त्यो हात ऊन हुता."

"मंग? देव काय गार आसतुया?"

 पण हैबतीने तो हात दिवसभर कशालाही लावला नाही, म्हणे.

साळू तळाशी पडून सगळे ऐकत होती. पाय मुरगळला होता. ती म्हणत होती, मी हाय, मी साळू. ते तिचे तिलाही ऐकू येत नव्हते. वर माणसे जमली, बायका जमल्या. सगळ्या तिच्या ओळखीच्या. पेवाकडे पाठ करून त्यांनी पूजा मांडली, कारण आत बघायचे नव्हते. हळद पडली, कुंकू पडले, ते तिच्या केसांवर आले. झेंडूच्या पाकळ्या आल्या. नारळ फुटला आणि त्याचे पाणी पेवाच्या गळ्यावरून ओघळत खाली आले. साळू ते तळव्यात धरून प्यायली. घशाला बरे वाटले. पण आवाज परतला नाही. पाणवठ्यावर रोज भेटणारी एक बाई वरून म्हणाली, "राखणदेवा, आमच्या पोरीबाळीस्नी संबाळ." साळूने खालून हात वर केले.

मग शिळा सरकू लागली. आभाळाचा गोल अर्धा झाला, मग कोयरीएवढा, मग सुतासारखा. मग तोही गेला. भेगा बुजवायला थापलेल्या मातीचा आवाज थोडा वेळ येत राहिला. कोणी सारवत होते. फार ओबडधोबड सारवत होते, ते साळूला नुसते ऐकूनही कळले.

आत पुढे काय झाले, ते कोणी पाहिलेले नाही. पण असे सांगतात, की आधी ती रडली. मग अंधारात तिच्या पायापाशी काहीतरी हलले, तो बेडूक होता. तिने हात पसरून ठेवला आणि तो तिच्या तळव्यावर येऊन बसला. तो दूर झाला नाही आणि तिनेही हात झटकला नाही. मग तिने मडक्यावरची माती पाटीत काढली, नारळाच्या उरल्या पाण्याने कालवली आणि राहिलेली भिंत सारवायला घेतली. दुसरे काही तिच्या हातात नव्हते.

चार-दोन दिवसांनी कोंडाबाई परत आली. बहीण सुखरूप सुटली होती. पदरात साळूसाठी डिंकाचा लाडू होता. घराला बाहेरून कडी. तिने शेजारी विचारले, पाणवठ्यावर विचारले, ओढ्यावर पाहिले. कोणी साळूला पाहिले नव्हते. खरे तर ती नाही हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. शेवटी ती पाटलांच्या ओसरीवर गेली. "माज्या साळीनं सांगावा दिला न्हाई का? भित ऱ्हायली हुती त्यो?"

"कसला सांगावा?" पाटील म्हणाले. "आमी तर धुरी बी दिली. आन् राखण्यानं हैबतीचा हात धरला, तुला ठावं न्हाई?"

हैबती खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला. "कोंडामावशी, साळीचं हात पोळल्यालं हैत न्हवं? पोळल्यालं कातडं गुळगुळीत आसतंय ना?"

 कोंडाबाईने पदर घट्ट धरला. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून आपसूक आले, "व्हय. पोळल्यालंच हैत."

हैबती तिच्याकडे बघतच राहिला. "मला लागला त्यो हात ऊन हुता, मावशी."

तेव्हा तिच्या पदरातून लाडू खाली पडला आणि फुटला.  "न्हाईत," ती म्हणाली. "पोळल्यालं न्हाईत. चामखिळी हैत. मीच बांधून ठिवलं. मी कुनाला बघू दिलं न्हाई, कुनाला धरू दिलं न्हाई. तुमी वळखनार कसं?"

गुरव अमावास्येचे काहीतरी बोलू लागला. "त्यो तुमचा राखण्या न्हवं," ती त्याला म्हणाली, "माजी लेक हाय ती," आणि माळाकडे धावली. तिच्यामागे हैबती, आणि मग सगळे गाव.

शिळा बाजूला केली. आतून वारा आला नाही, आवाज आला नाही. हैबती ज्या जागी पालथा पडला होता तिथेच कोंडाबाई पडली आणि तिने दंडापर्यंत हात आत घातला. "साळे," ती म्हणाली. "ए साळे. धर."

आणि कोणीतरी तिचा हात धरला.

कोंडाबाई हसली आणि रडली. "हाय! हाय गं माजी बाय! धरलंया मी. तिचाच हात हाय, मी वळखते, ह्यो बघा अंगठ्याजवळचा पयला फोड." बायकांनी कोंडाबाईला धरून मागे ओढले, आणि तिचा हात हळूहळू उजेडात आला. त्या हातात करंजाची एक कोवळी फांदी होती. तिची पाने आईच्या बोटांभोवती मिटली होती, आणि पानापानावर चामखिळी होत्या.

हैबती दोर बांधून खाली उतरला. साळू तिथे नव्हती. तळातून, चिंध्यांच्या लगद्यातून, करंजाचे रोप उठून उजेडाकडे गेले होते आणि त्याच्या मुळाशी बेडूक बसला होता. सरळ भिंत तळापासून गळ्यापर्यंत सारवून पूर्ण झाली होती. तिच्यावर तळव्यांचे ठसे होते, आणि प्रत्येक ठशात बारीक बारीक खळगे. 

कोंडाबाईने फांदी सोडली नाही. फांदी वर चढत गेली तशी ती आधी बसती झाली, मग गुडघ्यांवर आली, मग उभी राहिली, असे सांगतात. जेव्हा टाचा उंचावूनही हात पुरेना, तेव्हा कुठे तिची बोटे सुटली. त्यानंतर तिने कोणाचे पेव सारवले नाही आणि त्या पेवात कोणी दाणा भरला नाही. हैबती मात्र पुढे आयुष्यभर कोणतेही दार, कोणतेही झाकण लावायच्या आधी बाही वर करून आत हात घालून थांबायचा. लोक आधी हसले. मग एकेक करून तेही तसेच करू लागले.

एवढे सांगून चंद्राआत्या उठतात आणि खालची एक फांदी पुढे ओढून धरतात. पान तोडायचे नसते. हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवायचे असते. मागे आलेल्या मास्तरांनीही धरले होते, म्हणे, आणि पुन्हा किडीचे नाव काढले नव्हते.

आजही निमटाकळीत बुंध्यापाशी बसलेल्या बेडकाला कोणी काठी लावत नाही. आजही मुलगी बघायला आलेले लोक तिचे हात बघत नाहीत. दोन्ही हात हातात घेतात आणि मग बाकीचे बोलतात. आणि आजही संध्याकाळी शाळा सुटली की शिपाई वर्गाचे दार ओढून घेतो, पण लावत नाही. बाही वर सारून तो फटीतून उघडा हात आतल्या अंधारात घालतो, "कोन हाय का?" म्हणतो आणि थांबतो. ज्यांना हाक मारता येत नाही त्यांच्यासाठी थांबायचे असते. आणि हाताला काही लागलेच, तर ते कसेही लागो, हात मागे घ्यायचा नसतो.